नानांनी फॉर्मची नावं बदलली

"वृषाली, पुन्हा तेच आलं बघ," नाना म्हणाले आणि गरम तव्याला बोट लागावं तसा त्यांनी माउसवरचा हात उचलला.

मी हातातली खुर्च्यांची चळत तिथेच टेकवली आणि टेबलापाशी गेले. पडद्यावर करड्या रंगाची एक चौकट उभी होती. मजकूर इंग्रजीत होता, पण अर्थ एवढाच, की 'मुलगी' नावाचा फॉर्म सापडत नाही. नाव तरी चुकलंय, नाही तर असा फॉर्मच अस्तित्वात नाही.

"मुलगी सापडत नाही?" मागून दारफळकरबाई वाकून बघत म्हणाल्या. "वधूवर मेळाव्यात मुलगीच सापडत नाही म्हणजे कमाल झाली!"

मी 'ओके' दाबलं. दुसरी चौकट आली. 'मुलगा' नावाचाही फॉर्म सापडत नव्हता.

"चला, निदान भेदभाव नाही," बाई म्हणाल्या.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. बार्शीत तेव्हा मी घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. माझे सासरे, म्हणजे नाना आराध्ये, हायस्कुलातून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि वधूवर सूचक मंडळ चालवत होते. मंडळ म्हणजे नाना, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या दारफळकरबाई, आणि एक लोखंडी कपाट. कपाटातल्या फायलींना वाळवी लागली तेव्हा मी सगळी माहिती कॉम्प्युटरवर चढवली. अ‍ॅक्सेस या माहिती साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटासा प्रोग्रॅम केला. मुलींची माहिती भरायला एक फॉर्म, मुलांची भरायला एक, स्थळं शोधायला एक, आणि चालू केल्याबरोबर उघडणारं मुख्य पान. त्या पानावर मोठी मोठी बटणं. बटण दाबलं की हवा तो फॉर्म उघडायचा. नानांना त्याचं इतकं कौतुक, की दूधवाल्यालासुद्धा आत बोलावून ते बटणं दाबून दाखवायचे.

आणि त्या दिवशी मंडळाचा पहिला मोठा मेळावा होता. मंगल कार्यालय घेतलं होतं, आत पुऱ्या तळायला सुरुवात झाली होती, आणि लातूर, उस्मानाबाद, सोलापूरहून मंडळी यायला लागली होती. जाहिरातीत नानांनी मोठ्या हौसेने छापलं होतं: 'नोंदणी होताच अनुरूप स्थळांची यादी जागेवर हातात.' आणि इथे कॉम्प्युटरला मुलगी सापडत नव्हती.

"नाना, परवा सगळं नीट चालत होतं ना?"

"चालत होतं."

"मग?"

नाना छताकडे बघायला लागले. उत्तर येत नसलं की पोरं छताकडे बघतात, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

"नाना, तुम्ही काही बदललंत का?"

"बदललं असं नाही," ते म्हणाले. "थोडी दुरुस्ती केली."

मी प्रोग्रॅमची मागची खिडकी उघडली. जिथे फॉर्मची नावं ओळीने दिसतात तिथे मुख्य पान सोडलं तर माझं एकही नाव उरलं नव्हतं. 'मुलगी'चं 'स्त्री' झालं होतं. 'मुलगा'चं 'पुरुष'. आणि 'शोध'चं 'जुळवणी'. सगळं शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घासकट.

"तूच दाखवलं होतंस ना, नावावर टिचकी मारून बदलता येतं म्हणून," नाना जरा अभिमानाने म्हणाले. "बदललं की वरच्या निळ्या पट्टीवरही नवं नाव येतं. आलं. मी स्वतः बघितलं."

"पट्टीवर आलं हो. पण बटणांना कुणी सांगितलं?"

"त्यांना सांगावं लागतं?"

"प्रत्येक बटणामागे मॅक्रो आहे, नाना. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेला हुकूम. 'हे बटण दाबलं की मुलगी नावाचा फॉर्म उघड.' तुम्ही फॉर्मचं नाव बदललंत, हुकमात जुनंच नाव राहिलं. मॅक्रो बिचारा जुन्या नावाने हाका मारतोय, आणि ओ द्यायला कुणी नाही."

नानांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे लग्नात सुनेचं नाव बदललं, आणि घरात कुणाला सांगितलंच नाही."

"अगदी तसंच."

"मग सांगू या सगळ्यांना."

"त्यापेक्षा सोपं आहे. जुनी नावं परत देते. एका मिनिटात सगळं पूर्ववत होईल."

"नको."

नाना कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही. पण त्या 'नको'त असं काहीतरी होतं की मी माउस सोडून त्यांच्याकडे बघितलं.

"दारात लोक उभे आहेत, नाना."

"असू देत. जुनी नावं नकोत. अगं, मुलगा-मुलगी काय? समोर तिशी उलटलेला, मिशांना पीळ देणारा गृहस्थ बसलाय, आणि वर पट्टीवर 'मुलगा'! शब्द जपून वापरावा माणसाने."

"लोक 'मुलगी बघायला' जातात, नाना. 'स्त्री बघायला' कुणी जातं का?"

दारफळकरबाई खुदकन हसल्या. एरवी नानाही हसले असते, स्वतःवरचा विनोद त्यांना फार आवडायचा. या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "तू नवी नावं घालून दे. लोकांचं मी बघतो."

मराठीच्या मास्तरांशी शब्दांवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली.

काम अवघड नव्हतं, पण किचकट होतं. एकेक मॅक्रो उघडायचा, त्यात जुनं नाव कुठे दडलंय ते हुडकायचं, तिथे नवं घालायचं, जपून ठेवायचं, बटण दाबून बघायचं. कुठे एका मॅक्रोच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. मी तो प्रोग्रॅम क्लासमधल्या मुलांना शिकवता शिकवता बांधला होता, त्यामुळे घर बांधताना गवंड्याने लहर लागेल तिथे खिडकी ठेवावी तसा प्रकार होता.

तिकडे नानांनी दारात पन्ह्याचं पिंप मांडलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून पेला द्यायला सुरुवात केली. एका मुलीच्या वडिलांना त्यांनी तीनदा पाजलं असावं. चौथ्यांदा पेला पुढे केला तेव्हा ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, "गुरुजी, पोरीचं लग्न होईपर्यंत मी टिकलो पाहिजे."

दारफळकरबाईंनी माइक घेतला. नोकरीत त्यांनी हजारो लोकांना थोपवून धरलं होतं. तोच गोड, सपाट आवाज कार्यालयभर घुमला: "कृपया प्रतीक्षा करा. आपण रांगेत आहात." सगळं कार्यालय हसलं आणि लोक खरोखरच खुर्च्यांवर जाऊन बसले.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. वळून बघितलं तर आई.

माझी आई परंड्याला राहायची. तिथल्या मुलींच्या शाळेत तिने शिवण शिकवलं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी एकुलती एक. सणावाराला ती बार्शीला यायची, एक रात्र राहायची, आणि दुसऱ्या दिवशी 'घर बंद आहे गं' म्हणत पहिली एस. टी. पकडायची.

"आलीस? बरं झालं," मी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं. "आत जरा पुऱ्यांकडे बघ ना. कणीक सैल झालीय म्हणतात."

"बघते," आई म्हणाली.

"नको, नको!" नाना पन्ह्याचं पिंप सोडून धावत आले. "विहीणबाई, तुम्ही इथे बसा. पंख्याखाली. पुऱ्या होतील आपोआप."

पुऱ्या आपोआप कशा होतील, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण त्याच क्षणी पडद्यावर नवंच संकट आलं. मॅक्रो सगळे सुधारले होते. 'स्त्री' उघडत होतं, 'पुरुष' उघडत होतं. पण 'जुळवणी'चं बटण दाबलं की एक कोरी चौकट यायची आणि मलाच उलट विचारायची, मुलगीचं वय काय? मुलगीची उंची काय? फॉर्मवर सगळं भरलेलं असतानाही.

मी कपाळाला हात लावला. मग डोक्यात प्रकाश पडला. जुनी नावं फक्त मॅक्रोत नव्हती. स्थळं निवडणारी जी चाळणी मी केली होती, ती मुलीचं वय 'मुलगी' या फॉर्मवरून उचलायची. फॉर्म सापडला नाही की ती हताश होऊन समोर बसलेल्या माणसालाच विचारायची. मी चाळणी उघडली, तिथलीही नावं बदलली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

बाजूचा प्रिंटर खडखडला, आणि स्थळांची यादी बाहेर आली.

"सापडली!" दारफळकरबाई माइकवर ओरडल्या. "मुलगी सापडली!" टाळ्या पडल्या. कशासाठी हे निम्म्या लोकांना कळलं नव्हतं, पण पन्हं पोटात गेलेली माणसं उदार असतात.

रांग सरकायला लागली. एक फार्मसी झालेली मुलगी आली, तिचे काका तिच्याआधी सगळी उत्तरं द्यायचे. एक इंजिनीअर आला, त्याने अपेक्षांत 'साधी' असं लिहायला सांगितलं आणि मग साधी म्हणजे काय ते बराच वेळ समजावून सांगितलं. मी टाइप करत होते, यादी निघत होती, नाना ती दोन्ही हातांनी प्रसादासारखी देत होते.

मधेच ते माझ्या कानाशी वाकले. "वृषाली, त्या वयाच्या रकान्यात तू काहीतरी अट घातली होतीस ना? पंचेचाळीसची?"

"हो. कुणी चुकून वयाच्या जागी जन्मसाल लिहितं म्हणून."

"ती काढून टाक."

"आत्ता? नाना, पंचेचाळीसच्या पुढचं कोण येतंय इथे?"

"काढून ठेवलेली बरी."

"संध्याकाळी काढते. रांग बघा केवढी आहे."

नानांनी एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढच्याला पन्हं द्यायला गेले.

थोड्या वेळाने समोरच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं. मी मान वर केली.

"आई, अगं इथे नोंदणीवाले बसतात. तू पलीकडे बस ना."

"नोंदणीलाच बसलेय," आई म्हणाली.

"कुणाची?"

आईने पर्स मांडीवर घेतली. तिने मोतिया रंगाची नवी साडी नेसली होती, हे मला तेव्हा दिसलं. कपाळावर बारीकशी मरून टिकली होती. वडील गेल्यापासून तिने टिकली लावलेली मी पाहिली नव्हती.

"माझी," ती म्हणाली.

मागे रांगेत एक बाळ रडत होतं. त्याची आजी त्याला पंखा दाखवत होती. मी उठले, आईच्या दंडाला धरलं आणि तिला घेऊन शेजारच्या खोलीत गेले. दारावर पाटी होती, 'वधूपक्ष'. मागोमाग नाना आले आणि दार लोटून दाराशीच उभे राहिले.

"आई, हे काय आहे?"

"तुला दिसलं ते."

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस," आई म्हणाली. "मग मी रडले असते. मग आपण दोघी रडून चहा प्यायलो असतो, आणि मी परंड्याला परत गेले असते."

"म्हणून नानांना सांगितलंस? माझ्या सासऱ्यांना?"

"ते रडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, वय किती लिहू?"

मी नानांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं."

"दिवाळीपासून," नाना म्हणाले. "त्यांना एस. टी.त बसवायला गेलो होतो, आठवतं? गाडीला उशीर होता. बाकावर बसून मी आपलं मंडळाच्या गमतीजमती सांगत होतो. त्या बराच वेळ ऐकत होत्या, आणि मग म्हणाल्या, 'नाना, तुमच्याकडे वयाची अट असते का हो?' मी म्हटलं, छे, अजिबात नाही." त्यांनी चष्मा सारखा केला. "तोपर्यंत मला वाटत होतं की खरंच नाही. मग घरी येऊन तो फॉर्म उघडून बसलो, तर वर पट्टीवर 'मुलगी'. खाली रकान्यात 'मुलीचे नाव', 'मुलीचे वय'. वृषाली, चोपन्न वर्षांची बाई रांगेत उभी राहून इथवर येणार, सगळ्यांसमोर त्या खुर्चीत बसणार, आणि समोर पडद्यावर मोठ्या अक्षरात 'मुलगी' वाचणार. उठून गेल्या असत्या त्या. मी असतो तर उठून गेलो असतो."

बाहेर दारफळकरबाई माइकवर सांगत होत्या की आपण अजूनही रांगेत आहात.

"एवढं काय कमी आहे तुला, आई?" शेवटी मी म्हटलं. हे वाक्य मी कधी कुणाला म्हणेन असं मला वाटलं नव्हतं. शेजारच्या काकूंचं वाक्य होतं ते. "मी आहे. तुझा जावई आहे. इथे येऊन राहा म्हणून किती वेळा सांगितलं."

"तुमच्यात राहीन की म्हातारपणी, हातपाय थकल्यावर," आई म्हणाली. "आत्ता थकले नाहीत." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी जेवायला बसते ना, तेव्हा पुढचं दार उघडं ठेवते. रस्त्यावरून कुणी गेलं की चप्पल वाजते. तेवढ्या आवाजावर एखादा घास जास्त जातो. एवढंच आहे, बाळा. फार मोठं काही नाही."

नाना दाराच्या कडीशी उगाच चाळा करत होते. परंड्याच्या त्या घरात मी सणाला जायचे, माहेरवाशीण म्हणून मिरवायचे, पुरणपोळी खायचे. आम्ही गेलो की ते दार लावलेलंच असायचं, कारण आत माणसं असायची.

"चल," मी म्हटलं. "रांग खोळंबलीय."

आम्ही बाहेर आलो. ती समोरच्या खुर्चीत बसली, मी माझ्या. पट्टीवर 'स्त्री' होतं. खालच्या रकान्यांतून 'मुलीचे' हा शब्दही नानांनी काढून टाकला होता, नुसतं 'नाव' आणि 'वय' ठेवलं होतं; घाईत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कधी शिकले होते ते, कोण जाणे.

"नाव?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे."

"सगळ्यांना विचारते."

"वत्सला दामोदर कानडे." तिने एकेक शब्द स्वच्छ उच्चारला. मागच्या बाकावर दोन बायका कुजबुजायच्या थांबल्या.

"शिक्षण?"

"जुनी मॅट्रिक. शिवणकामाचा डिप्लोमा."

"वय?"

"चोपन्न पूर्ण."

मी चोपन्न लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर जायला गेले. टण्ण असा आवाज झाला आणि पडद्यावर चौकट उभी राहिली. या वेळी मजकूर इंग्रजीत नव्हता. तो मी स्वतः लिहिला होता, मराठीत, ठळक अक्षरांत: 'वय अठरा ते पंचेचाळीसच्या दरम्यानच असावे. कृपया चूक दुरुस्त करा.'

नोंदणी करणाऱ्याला वाचता यावं म्हणून आम्ही पडदा तिरपा ठेवला होता. आईने पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा मिटून परत पर्समध्ये ठेवला.

"राहू दे गं," ती हसून म्हणाली आणि खुर्चीचे हात धरून उठायला लागली. "मशीनच नको म्हणतंय."

"बस, आई."

"अगं लोक थांबलेत..."

"थांबू देत. मशीन काही म्हणत नाहीये. ते मी लिहिलंय."

मी फॉर्म बंद केला. मागच्या बाजूने उघडला. वयाच्या रकान्यावर गेले, तिथे माझी अट होती, तिच्याखाली तो सगळा मजकूर. मी दोन्ही निवडलं आणि खोडून टाकलं. मग मनात आलं म्हणून पुरुषांच्या फॉर्मवरची अटही काढली. रांगेतून कुणीतरी विचारलं, "ताई, परत बिघडलं का?" नाना म्हणाले, "नाही. आता सुधारलं. पन्हं घेणार?"

पुन्हा नाव, पुन्हा शिक्षण, पुन्हा चोपन्न. कॉम्प्युटर गप्प राहिला.

"अपेक्षा?" मी विचारलं.

आईने विचार केला. "ऐकू नीट यायला हवं. मी एकदा बोललेलं पुन्हा बोलत नाही."

"आणखी?"

"चहा स्वतःचा स्वतः करता यावा. आणि जेवताना टी. व्ही. लावायचा नाही."

मी लिहिलं. अक्षरं जरा धूसर दिसत होती, पण लिहिलं. मग 'जुळवणी' दाबलं. प्रिंटर खडखडला आणि कागद बाहेर आला. वर मंडळाचं नाव, खाली 'अनुरूप स्थळे', आणि त्याखाली काही नाही. कोराच्या कोरा. आमच्याकडे पंचेचाळीसच्या वरचा एकही पुरुष नव्हता, असणार कसा?

नाना कागद दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. जाहिरात त्यांनीच दिली होती.

दारफळकरबाईंनी मान लांब करून कागद बघितला आणि माइक उचलला.

"एक सूचना," त्यांचा आवाज घुमला. "पन्नाशीच्या पुढच्या सद्गृहस्थांसाठीही आजपासून नोंदणी सुरू झाली आहे. ज्यांना घरी एकटं जेवावं लागतं त्यांनी लाजू नये."

आत पुऱ्या तळल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग कुठेतरी हशा फुटला, कुणी टाळी दिली, आणि तिसऱ्या ओळीतून पुतणीला घेऊन आलेले एक काका उठले. "माझी मुलं मला मारतील," असं म्हणत ते रांगेत येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे आणखी एक. मग एक बाई, त्या आईपेक्षाही मोठ्या असतील, नऊवारीतल्या. त्या थेट टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या जावेचं नाव घालायचंय. ती आली नाही, पण मी घालते." नानांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. माझ्या सासऱ्यांना मी आयुष्यात फक्त त्या दिवशी टेबलावर बसलेलं बघितलं.

हेमंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जेवणाच्या पंगतीत कळलं. तो वाढत होता. बासुंदीचं पातेलं हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

"नाना, पण लोक काय म्हणतील?"

"लोक 'आणखी वाढा' म्हणताहेत," नाना म्हणाले. "वाढ."

त्या दिवशी नोंदवलेल्यांपैकी कुणीही आईला पसंत पडलं नाही. एकाला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला स्वतःशिवाय कुणाचं ऐकायचं नव्हतं, आणि ते तिसऱ्या ओळीतले काका मुलांना खरंच घाबरत होते. आई प्रत्येकाला भेटायची, परत यायची, माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टेकून सगळं साग्रसंगीत सांगायची, आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. माझ्या लग्नाआधीही आम्ही इतक्या गप्पा मारल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी लातूरहून शेटे नावाचे एक गृहस्थ आले. रोपवाटिकेतून निवृत्त झालेले, उंच, मितभाषी. पहिल्या भेटीत ते आईला म्हणाले, "मला बोलायला फारसं जमत नाही, पण ऐकायला आवडतं." आईने तिथेच होकार दिला. मी म्हटलं, निदान दोन दिवस विचार कर. ती म्हणाली, "तुला सांगितलं होतं मी विचार करायला? तूसुद्धा अर्ध्या तासात हेमंतला हो म्हणाली होतीस."

लग्न सोलापूरला नोंदणी पद्धतीने झालं. साक्षीदार म्हणून नाना, दारफळकरबाई आणि हेमंत. अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, वधूचे तुम्ही कोण? नाना म्हणाले, "वधूच्या मुलीचा सासरा." अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि नानांना पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं.

दुपारी आम्ही सगळे त्यांना लातूरच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. शेट्यांनी खिडकीची जागा आईला दिली, बॅगा वर ठेवल्या, आणि आईच्या शेजारी सरळ बसून राहिले. मी खिडकीखाली उभी होते. तिच्यासाठी घेतलेली गोळ्यांची पट्टी, पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा असं एकेक वर देत होते. पोहोचल्यावर गरम पाण्याने पाय धू, परक्या घरात पहिल्याच दिवशी कामाला लागू नकोस, त्यांच्या सुनेला काही बोलू नकोस, असं काहीबाही सांगत होते. सांगता सांगता माझा आवाज फाटला आणि मी रडायला लागले. हुंदके देऊन. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. हेमंतने मला धरलं. नाना दुसरीकडे तोंड करून गाड्यांच्या पाट्या वाचत होते.

"अगं, रडतेस काय अशी?" आई खिडकीतून वाकून माझे डोळे पुसत म्हणाली. तिचेही भरले होते, पण ती हसत होती. "दिवाळीला येईन की मी. आणि तू ये मधूनमधून. आता मलाही माहेर पाहिजे ना."

कंडक्टरने डबल बेल दिली. गाडी हलली, आणि शेटे पहिल्यांदाच स्वतःहून काहीतरी बोलले. ते नेमकं काय होतं ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. आई मात्र त्यांच्याकडे वळून मोठ्याने हसली, आणि वळणापर्यंत मला दिसत होतं, ती अजून हसतच होती.